ड्युसबर्ग ते ग्रिफिथ: परदेशी पोलिसांना इटालियन माफिया कसा दिसतो?

रानवाटा

१५ ऑगस्ट २००७. आपल्याकडे झेंडावंदनाची लगबग सुरू होत असेल, तेव्हा जर्मनीत अजून उजाडायचं होतं. ड्युसबर्ग स्टेशनजवळच्या 'दा ब्रुनो' या इटालियन रेस्तराँबाहेर सहा जणांना गोळ्या घालून मारलं. सहाही इटालियन. त्यातल्या एकाचा त्या रात्री अठरावा वाढदिवस साजरा झाला होता. त्याच्या खिशात पोलिसांना एका संताचं जळकं चित्र मिळालं.

एन्द्रांगेता या दक्षिण इटलीच्या कालाब्रिया प्रांतातल्या माफिया संघटनेत नवा माणूस घेताना संत मायकेलचं चित्र जाळून शपथ देतात. म्हणजे वाढदिवसाच्या जेवणाबरोबर दीक्षाही उरकली असावी. कालाब्रियातल्या साध्या हवालदाराला हे एका नजरेत कळलं असतं. जर्मनीत मात्र बहुतेकांनी एन्द्रांगेता हे नाव त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. तोवर माफिया म्हणजे सिसिली, विषय संपला.

भांडण सान लुकाचं. कालाब्रियातल्या आस्प्रोमोंते डोंगरातलं छोटं गाव. १९९१ च्या कार्निव्हलमध्ये अंडी फेकण्यावरून तिथल्या दोन गटांत जुंपली, मुडदे पडले, मग वरवर शांतता. २००६ च्या नाताळात एका गटाच्या घरावर हल्ला होऊन घरातली बाई मेली. तिचा सूड युरोपच्या दुसऱ्या टोकाला, जर्मनीच्या पोलादी पट्ट्यात उगवला गेला.

मी श्टुटगार्टला असतो. इथे इटालियन लोक भरपूर. २० डिसेंबर १९५५ ला पश्चिम जर्मनीने इटलीशी कामगार आणण्याचा करार केला आणि दक्षिणेतली माणसं इथल्या कारखान्यांत आली. त्यांची नातवंडं आता माझ्याबरोबर काम करतात आणि जेवणाच्या टेबलावर माफियाचे विनोद मुकाट ऐकून घेतात.

परदेशातले पोलीस हा सगळा प्रकार समजून तरी कसा घेतात, असा प्रश्न पडला म्हणून वाचत गेलो. माझं मत असं झालंय की ते दोन टोकांमध्ये हेलकावे खातात. कधी 'कालाब्रियाचा आहे ना, मग काहीतरी असणारच', तर कधी 'इथे माफिया-बिफिया काही नाही, चार कोकेनवाले आहेत'. दोन्हीकडे एक माणूस कायम नजरेतून सुटतो. ज्याच्याकडून वसुली होते तो. आणि तोही बहुधा त्याच मुलखातला, तीच बोली बोलणारा असतो.

जानेवारी २०१८ ची 'स्तीजे' कारवाई घ्या. कालाब्रियातल्या चिरो मारीना गावचं फाराओ-मारिंकोला कूळ, म्हणजे एन्द्रांगेताची एक टोळी. इटली आणि जर्मनीत मिळून दीडशेहून जास्त लोक धरले. आरोप काय होता? हेस्से आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या इटालियन हॉटेलवाल्यांनी वाइन कुणाची घ्यायची, पिझ्झ्याचा माल कुणाचा घ्यायचा, हे कूळ ठरवायचं. यात पिस्तूल काढायची गरजच नसते. 'आपल्याकडची वाइन आहे, घेऊन टाका' म्हटलं की झालं. नाही घेतली तर काय होईल ते बोलावं लागत नाही, कारण म्हातारे आईवडील गावी राहत असतात. आता जर्मन पोलिसाने पंचनाम्यात लिहायचं काय? माल आलाय, बिल आहे, पैसे बँकेतून गेलेत. गुन्हा कुठे दिसतोय?

बाकीच्या देशांचं ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला.

चिंचपोकळी एक्सप्रेस

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

अवांतर: २०२१ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एक फरारी एन्द्रांगेतावाला सापडला तो किस्सा माहीत आहे का? भाऊ यूट्यूबवर इटालियन स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकत होते. तोंड दाखवायचं नाही एवढी काळजी घेतली, पण अंगावरचे टॅटू दिसले आणि पोलिसांनी ओळखलं. हौसेला मोल नाही.

मेलबर्नची मावशी

धागा आवडला रानवाटा. ऑस्ट्रेलियाची गोष्ट जर्मनीपेक्षा बरीच जुनी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या इथल्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये आज पर्यटक फोटो काढत फिरतात. १९६३-६४ मध्ये तिथल्या घाऊक भाजीच्या व्यवहारात कुणाचा शब्द चालणार यावरून गोळीबार झाले, माणसं मेली. मारणारे कालाब्रियन, मरणारे कालाब्रियन आणि वसुलीखाली दबलेले भाजीवालेही तेच. व्हिक्टोरियाच्या पोलिसांना याचा थांग लागेना. शेवटी अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्यातले जॉन क्युसॅक आणि इटलीच्या पोलिसांतले उगो माचेरा यांना बोलावून घेतलं. स्वतःच्या शहरातला भाजीबाजार समजून घ्यायला दोन खंडांतून माणसं आणावी लागली! क्युसॅकने लिहून दिलं की ही गुप्त मंडळी इथे मुरली आहेत, आवरली नाहीत तर सरळ धंद्यांतही शिरतील. त्यावर म्हणावं तसं काही झालं नाही.

मग ग्रिफिथ. न्यू साउथ वेल्समधलं कालव्याच्या पाण्यावर उभं राहिलेलं शेतीचं गाव, द्राक्षं आणि भाताचं. तिथे डोनाल्ड मॅके नावाचा फर्निचरचा दुकानदार होता. गांजाच्या शेतीविरुद्ध उघड बोलायचा. त्याने दिलेल्या माहितीवरून १९७५ मध्ये कोलिअँबलीजवळ गांजाचं मोठं पीक पकडलं, आणि पुढे कोर्टात माहिती देणारा कोण ते फुटलं. १५ जुलै १९७७ च्या संध्याकाळी तो ग्रिफिथ हॉटेलच्या गाडीतळावरून नाहीसा झाला. त्याच्या गाडीशेजारी रक्त आणि पॉइंट बावीसची काडतुसं पडली होती. त्याचा देह अजून मिळालेला नाही.

यावर न्यायमूर्ती फिलिप वुडवर्ड यांचं रॉयल कमिशन बसलं. त्यांनी बँकेची खाती, सांगितलेलं उत्पन्न आणि बांधलेले बंगले एकमेकांशी ताडून बघितले. गावात त्या बंगल्यांना 'ग्रास कॅसल' म्हणत, गांजावर उठलेले वाडे. आता ही पद्धत मला पटते. माणूस कुठला हे न बघता एकेका घराचा हिशेब मांडला. १९७९ च्या अहवालात निष्कर्ष आला की मॅकेचा खून ग्रिफिथमधल्या कालाब्रियन टोळीने घडवला. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते 'ग्रिफिथचे इटालियन'. नाकासमोर चालून द्राक्षं पिकवणाऱ्याची पोरंही शाळेत 'माफिया' म्हणून चिडवून घ्यायला लागली.

आणि याची उलटी बाजूही इथेच घडली. अल ग्रास्बी, व्हिटलम सरकारातले इमिग्रेशन मंत्री. ऑस्ट्रेलियाच्या बहुसांस्कृतिक धोरणाचे जनक म्हणून अजून त्यांचं नाव घेतात. त्यांचं राजकारण याच भागातलं. १९८० मध्ये त्यांनी एका आमदाराला एक कागद विधिमंडळात वाचायला सांगितला. मॅकेचा खून माफियाने नव्हे, त्याच्याच बायकोने, मुलाने आणि वकिलाने केला असं सुचवणारा! पुढच्या चौकशीत न्यायमूर्ती नेगल यांनी त्यांना या खोटेपणाबद्दल चांगलंच झोडपलं. बदनामीचा खटला झाला, आधी दोषी, मग १९९२ मध्ये अपिलात सुटले. त्यांच्या मृत्यूनंतर कॅनबेरात पुतळा बसवला तेव्हा परत गदारोळ. कालाब्रियन लोकांवर सरसकट शिक्का नको, ही त्यांची भूमिका बरोबरच होती. पण ती कुठे नेऊन ठेवली बघा. नवरा गमावलेल्या बाईवरच संशय.

तिखटमीठ

वाचतोय. पण थोडं विरोधात बोलतो.

सान लुका, चिरो मारीना... दोन गावांची नावं तर पहिल्याच पोस्टमध्ये आली. मग पोलिसांनी त्या गावच्या माणसांकडे बघायचं नाही तर काय फिनलंडच्या माणसांकडे बघायचं? एन्द्रांगेता चालतेच मुळी भावकीवर. बापाच्या जागी मुलगा, सोयरिकी आपसात. सिसिलीच्या माफियात, म्हणजे कोसा नोस्त्रात, ऐंशी-नव्वदच्या दशकांत माफीचे साक्षीदार रांगेने उभे राहिले. कालाब्रियात त्या मानाने कितीतरी कमी, कारण तोंड उघडायचं म्हणजे सख्ख्या भावाला, मेव्हण्याला आत घालायचं. जिथे गुन्ह्याचा सांगाडाच रक्ताच्या नात्यांचा आहे, तिथे ओळख बघू नका म्हणणं भाबडेपणा आहे.

रानवाटा

@तिखटमीठ, ओळख बघू नका असं मी म्हणतच नाहीये. उलट नीट बघत नाहीत हीच तक्रार आहे. 'इटालियन' ही पोलिसांच्या कामाची ओळखच नव्हे. कालाब्रियातल्याच सिदेर्नो गावची माणसं टोरांटोला गेली, प्लातीची ग्रिफिथला, सान लुकाची जर्मनीत. एकाने दुसऱ्याला नेलं, दुसऱ्याने मेव्हण्याला. त्याच साखळीतून हजारो सरळ माणसं गेली आणि मूठभर ही मंडळी गेली. तपास करणाऱ्याला गाव, घर, कोण कुणाच्या बारशाला उभं राहिलं, इतकं खोलात माहीत हवं. 'इटालियन' या पातळीवर थांबलात तर ना गुन्हेगार मिळत, ना फिर्यादी.

झाडाखालचा

या गोंधळाचं मूळ अमेरिकेत आहे असं मला वाटतं, म्हणून तिकडे नेतो.

ऑक्टोबर १८९० मध्ये न्यू ऑर्लिन्सचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याला गोळ्या घातल्या. पोलिसांनी दिसेल त्या इटालियनाला उचललं. खटला चालला, ज्युरीने कुणालाही दोषी धरलं नाही. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ ला, जमाव तुरुंगात घुसला आणि ११ इटालियनांना ठार केलं. त्याबद्दल शहराच्या महापौरांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये.

याच्या अगदी उलट उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथे 'ब्लॅक हँड'च्या नावाने खंडणीच्या चिठ्ठ्या यायच्या, त्याही इटालियन दुकानदारांनाच. पोलिसांत त्यांची भाषा बोलणारे जेमतेम. मग १९०४ मध्ये जोसेफ पेत्रोसिनो याच्या हाताखाली 'इटालियन स्क्वॉड' काढलं. पेत्रोसिनो स्वतः इटलीतल्या पादुला गावातून लहानपणी आलेला. तो लोकांमध्ये मिसळायचा, वेषांतर करून मजुरांत राहायचा, आणि मुख्य म्हणजे लोक त्याच्याकडे तक्रार घेऊन येऊ लागले. १२ मार्च १९०९ ला पालेर्मोत, तपासासाठी गेलेला असताना, त्याचा खून झाला.

नंतर गाडी परत रुळावरून घसरली. १९५०-५१ ची सिनेटची केफॉव्हर समिती, १९६३ ची माफियातून फुटलेल्या जोसेफ व्हालाचीची साक्ष, या सगळ्यांतून चित्र तयार झालं की अमेरिकेतली संघटित गुन्हेगारी म्हणजे बाहेरून आलेल्या एका वंशाचं कारस्थान. अभ्यासकांनी यावर भरपूर टीका केली. स्थानिक राजकारणी, दारूबंदीने तयार केलेली बाजारपेठ, लाचखोर पोलीस, हे सगळं त्या चित्रात कुठेच नव्हतं. आपल्या घरची घाण पाहुण्याच्या नावावर ढकलली की बरं वाटतं.

आता गंमत. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग' निघाली. एफबीआयच्या कचेरीबाहेर निदर्शनं, आम्हाला बदनाम करू नका म्हणून घोषणा, हजारोंच्या सभा. त्याच वर्षी अॅटर्नी जनरल जॉन मिचेल यांनी न्याय खात्याला 'माफिया' आणि 'कोसा नोस्त्रा' हे शब्द वापरू नका असा आदेश दिला. आणि लीगचा संस्थापक कोण? जो कोलंबो, न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचा म्होरक्या! जून १९७१ मध्ये लीगच्याच सभेत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सभेला आलेल्या साध्या माणसांची चीड खरी होती, त्यांना रोज टोमणे खावे लागत होते. तिच्यावर स्वार कोण झालं ते बघा.

चिंचपोकळी एक्सप्रेस

एफबीआयच्या दारात माफियाचा मोर्चा. दंडवत.

काळा डगला

कायद्याच्या अंगाने थोडं.

इटलीत माफियाविरोधी कलम ४१६ बिस आलं १९८२ मध्ये. खासदार पिओ ला तोर्रे यांनी त्यासाठी जीव तोडून प्रयत्न केले, ३० एप्रिलला पालेर्मोत त्यांचा खून झाला. मग ३ सप्टेंबरला तिथलेच प्रीफेक्ट (केंद्र सरकारचे प्रतिनिधी) जनरल दाल्ला किएजा मारले गेले. त्यानंतर दहा दिवसांत कायदा झाला. त्यात महत्त्वाचं हे की टोळीचा दरारा, त्यातून लोकांची लाचारी आणि मौन, हाच गुन्ह्याचा गाभा धरला. टोळीत असणं हाच गुन्हा, वेगळा खून किंवा चोरी दाखवायची गरज नाही. एन्द्रांगेता हे नाव मात्र त्या कलमात २०१० मध्ये पडलं. खुद्द इटलीला तिचं गांभीर्य कळायला इतका वेळ लागला, तर जर्मनीला काय बोलायचं!

जर्मनीत कलम १२९, गुन्हेगारी संघटनेचं. २०१७ मध्ये त्याची व्याख्या सैल केली, त्याआधी कोर्टात ते टिकवणं महाकठीण होतं. बेहिशेबी मालमत्ता जप्त करण्याचे नियमही त्याच वर्षी कडक झाले. म्हणजे ड्युसबर्गनंतर दहा वर्षांनी. ब्रिटनमध्ये माफियाचं नुसतं सदस्य असणं हा गुन्हाच नव्हता. मोंद्रागोनेच्या कामोर्रा (नेपल्सकडची माफिया) कुळातला एक जण स्कॉटलंडात अॅबर्डीनला बराच काळ हॉटेलं चालवत होता.

आपल्या मोक्काशी (१९९९) तुलना करण्यासारखी आहे. मोक्का लावायला मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. म्हणजे आपण मागचे गुन्हे मोजतो. इटलीचा कायदा दरारा मोजतो. पण कालाब्रियन माणसाला ज्याचा दरारा वाटतो, त्या म्हाताऱ्याकडे बघून स्विस माणूस हसतो. मग मोजायचा कसा?

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. स्वित्झर्लंडच्या थुरगाउ प्रांतात फ्राउएनफेल्डजवळ एका रेस्तराँमध्ये छुप्या कॅमेऱ्याने घेतलेला व्हिडिओ इटलीच्या काराबिनिएरींनी (लष्करी पोलीस) ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बघाच. लांब टेबल, भोवती साध्या शर्टांतले मध्यमवयीन आणि म्हातारे लोक, एखाद्या सहकारी सोसायटीची सभा वाटावी. बाहेरच्यांसाठी हा बोच्या (गोळ्यांचा इटालियन खेळ) खेळणाऱ्यांचा क्लब. आणि आत ठरावीक शब्दांत सभा 'उघडतात', शाखेला चाळीस वर्षं झाल्याचं बोलतात, कोकेन, हेरॉइन, खंडणी, कुणाला काय करायचंय ते करा म्हणतात. आता ही शाखा फ्राउएनफेल्डमध्ये कुणाला उघड धमकावत नसेल तर तिला माफिया म्हणायचं का? यावर इटलीच्या न्यायालयांतच एकमत नव्हतं, 'मूक माफिया' म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला.

निवृत्त फौजदार

नमस्कार. उशिरा आलो. चर्चा उत्तम.

नोकरीत असताना एक गोष्ट पक्की कळली. वस्तीत घुसून दहा पोरं उचलली की त्या दिवशी वरिष्ठ खूश होतात, पण पुढे वर्षभर त्या वस्तीतून एक खबर येत नाही. फिर्यादी तिथेच राहतो ना. पोलीस आपल्या सगळ्यांनाच चोर समजतात हे एकदा मनात बसलं की तो हप्ता देईल, चौकीची पायरी चढणार नाही. टोळीवाल्याला याहून जास्त काय हवं?

झाडाखालचा यांना एक प्रश्न. इटलीत तडीपारी आहे का? आमच्याकडे गुंडाला जिल्ह्याबाहेर काढायचो. तो शेजारच्या जिल्ह्यात जाऊन नवीन दोस्त करायचा.

झाडाखालचा

@निवृत्त फौजदार, अगदी मोक्याचा प्रश्न! होती ना. साठ-सत्तरच्या दशकांत संशयित माफियांना कोर्टाच्या हुकमाने उत्तरेत नेऊन ठेवायचे. कल्पना अशी की आपल्या मुळांपासून तोडला की माणूस निष्प्रभ होतो. फेडेरिको वारेझे या अभ्यासकाने यावर चांगलं काम केलंय. आल्प्समधलं बार्दोनेक्किया गाव, बर्फाच्या खेळांमुळे बांधकामाची धूम, कागदोपत्री नसलेले मजूर, कंत्राटांची मारामारी. तिथे कालाब्रियन टोळी रुजली, इतकी की १९९५ मध्ये गावची नगरपालिकाच माफियाच्या शिरकावामुळे बरखास्त करावी लागली. उत्तर इटलीत असं पहिल्यांदाच घडलं. व्हेरोनातही दक्षिणेची माणसं होती, तरी तिथे टोळीला तसं बस्तान बसवता आलं नाही. म्हणजे माणसं आली म्हणून माफिया आला हे गणित चुकतं. ज्या बाजारात सरकारचा नियम पोचत नाही आणि कुणीतरी 'मी बघतो' म्हणणारा हवा असतो, तिथे तो रुजतो. पोलीस स्थलांतरितांच्या याद्या करतात, बांधकामाच्या ठेक्यांकडे बघत नाहीत.

आणि ओळखीवरून गुन्हेगार ठरवणं आपल्याला नवीन आहे का? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मावरून शिक्का, हजेऱ्या, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. १९५२ मध्ये कायदा गेला. तरी पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी आधी येते. तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या असल्या नोंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

तिखटमीठ

पारध्यांची तुलना पटली नाही. तिथे ब्रिटिशांनी अख्ख्या जमातीवर गुन्हा लादला. इथे संघटना खरी आहे, तिचे विधी आहेत, पदं आहेत, दर सप्टेंबरला सान लुकाजवळच्या पोल्सीच्या देवीच्या (मॅडोनाच्या) यात्रेत तिचे पुढारी जमतात. २००९ मध्ये तिथे मुख्याची निवड झाली त्याचं चित्रीकरण आहे, त्यावरून जुलै २०१० मध्ये तीनशेच्या आसपास लोक धरले. याला लादणं कसं म्हणणार?

झाडाखालचा

संघटना खरी आहे, मान्य. फरक आहेच. पण पोल्सीच्या यात्रेला जाणारी हजारो माणसं नवस फेडायला जातात. आणि परदेशात बसलेला अधिकारी 'दरवर्षी पोल्सीला जातो' ही ओळ संशयिताच्या फाइलमध्ये लिहितो. मी एवढंच म्हणतोय.

संपादक

चर्चा छान चालली आहे. पारधी आणि भटक्या-विमुक्तांवर वेगळा धागा काढावा, इथे विषयाला धरून राहावे.

टोरांटोचा टोणगा

कॅनडातून हजेरी. सिदेर्नोतल्या एका लाँड्रीत इटालियन पोलिसांनी माइक लावले होते. तिथे बसणाऱ्या पुढाऱ्याकडे देशोदेशींचे लोक सल्ला घ्यायला यायचे. ते ध्वनिमुद्रण ऐकून इकडच्या पोलिसांना आपल्या गावात काय चाललंय ते समजलं, असा उलटा प्रकार.

आमच्या शेजारच्या व्हॉन शहरात २०१९ मध्ये यॉर्क विभागाच्या पोलिसांनी मोठा गाजावाजा करून धाड घातली. फेरारी, बंगले, रोकड, पत्रकार परिषद. २०२१ मध्ये खटला कोसळला, कारण फोन ऐकताना आरोपी आणि वकिलांमधलं बोलणंही ऐकलं गेल्याचा मुद्दा निघाला. व्हॉनमध्ये इटालियन वस्ती प्रचंड आहे. माझे शेजारी म्हणतात, टीव्हीवर दोन दिवस आमची आडनावं दाखवली, खटला पडला तेव्हा कुणी आलं नाही.

नवखा_०७

शंका: मग आता पोलीस करतात काय? काही बदललंय का?

रानवाटा

बदललंय. डिसेंबर २०१८ ची 'पोलिनो' कारवाई आठवा. इटली, जर्मनी, नेदरलँड्स यांचं संयुक्त तपास पथक, एकाच पहाटे अनेक देशांत मिळून ९० च्या आसपास अटका. मे २०२३ ला 'युरेका', त्यात १३० च्या वर. तिचा धागा बेल्जियममधल्या गेंक शहरातून लागला होता. २०२० पासून इंटरपोलने इटलीबरोबर खास एन्द्रांगेतासाठी 'आय-कॅन' हा प्रकल्प चालवलाय. संयुक्त पथकाचा खरा फायदा असा की जर्मन अधिकाऱ्याशेजारी कालाब्रियाची बोली कळणारा माणूस बसतो. फोनवरचं बोलणं पुस्तकी इटालियनमध्ये नसतंच.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती बर्लिनची गोष्ट. ड्युसबर्गनंतर २००७ मध्येच तिथल्या इटालियन लोकांनी 'माफिया? नाइन, डांके!' ही संस्था काढली. 'माफिया? नको, धन्यवाद!' तिथल्या हॉटेलवाल्यांकडे खंडणी मागायला लोक आले तेव्हा ते एकेकटे न जाता मिळून पोलिसांकडे गेले आणि मागणारे पकडले गेले. संस्था काढणाऱ्यांतल्या लाउरा गाराविनी पुढे परदेशस्थ इटालियनांच्या मतांवर इटलीच्या संसदेत गेल्या.

मेलबर्नची मावशी

आमच्याकडे आकडे आलेत. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांनी सांगितलं की देशात इटालियन संघटित गुन्हेगारीची ५१ कुळं आहेत, त्यातली १४ एन्द्रांगेताची. आधीच्या वर्षी 'अॅनॉम' या पोलिसांनीच गुपचूप चालवलेल्या फसव्या मेसेजिंग अॅपमधून जे हाती लागलं त्यानंतर हे चित्र त्यांना स्पष्ट झालं म्हणे. पेपरवाल्यांनी लगेच ठळक मथळे दिले. माझी इटालियन मैत्रीण म्हणाली, "माझं आडनाव त्या ५१ मध्ये आहे की नाही, कुणाला विचारू?"

निवृत्त फौजदार

कूळ धरलं कशावरून? आडनावावरून?

रानवाटा

कुळांना नावं आडनावांचीच असतात, घोळ तिथेच आहे. प्लातीत बार्बारो, पेर्रे, त्रिंबोली अशी मोजकी आडनावं अख्ख्या गावात पसरलेली. आपल्याकडे एखाद्या गावात नव्वद टक्के जाधव असतात तसं. एकमेकांशी नातं नसलेले, प्रसंगी वैर असलेलेही एकाच आडनावाचे. म्हणून गावात घराण्यांना टोपणनावं आहेत. बार्बारोंमध्ये 'कास्तानू' वेगळे, 'निग्रू' वेगळे. सान लुकात पेल्ले म्हटलं तर 'गांबाझा' कोणते हे विचारावं लागतं. इटलीच्या आरोपपत्रांत ही टोपणनावं प्रत्येक नावापुढे छापलेली असतात. परदेशी पोलिसांच्या संगणकात पासपोर्टवरचं नाव जातं, टोपणनाव जात नाही.

निवृत्त फौजदार

मग अर्धं काम तिथेच अडलं. आमच्या प्रत्येक फॉर्मवर 'उर्फ' लिहायला जागा असते. तिथे टोपणनाव लिहायचं, शेजारी आईचं माहेर आणि बापाचं गाव. एवढं केलं तरी मावशींच्या मैत्रिणीचं नाव यादीतून आपोआप बाहेर पडेल.